लांब केस म्हणजे नेमके किती?



लांब केस म्हणजे किती लांब, असं मी गेल्या महिन्यात आमच्या बोरीतल्या बऱ्याच जणींना विचारलं. एकीनंही आकडा सांगितला नाही. सगळ्यांनी हात मागे नेऊन अंगावरची जागा दाखवली. कुणाचा हात पाठीच्या मध्यावर थांबला, कुणाचा कमरेवर. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी हात कमरेच्याही खाली नेला आणि म्हणाल्या, "बसताना वेणी खाली दबली पाहिजे, मग लांब." शेजारच्या आठवीतल्या मुलीला खांद्याखाली गेले की लांब वाटतात, कारण तिच्या वर्गात निम्म्या मुलींचे केस कापलेले. आणि आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ज्याले विंचराले दुसरं माणूस लागते, थे लांब." मला ही व्याख्या सगळ्यांत पटली. त्यात मोजमाप नाही, पण घर आहे. आई मागे बसून वेणी घालते आहे, पोर पुढे बसून पाढे म्हणते आहे, हे सगळं त्या एका वाक्यात आलं.

विचारायचं कारण असं की आपल्याकडच्या उपवर मुलामुलींच्या परिचय पुस्तिकेचा फॉर्म घरी आला आहे. मुलीच्या फॉर्मवर उंची, वर्ण, शिक्षण, गोत्र यांच्या खाली एक रकाना आहे : 'केस'. कंसात लिहिलंय, 'लांब, मध्यम, आखूड'. मुलाच्या फॉर्मवर तो रकाना नाही. (मुलांच्या फोटोत टोप्या का असतात, ते तुम्हाला माहीतच आहे. महाबळेश्वरचा फोटो, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल. आपण काही म्हणतो का?) तर या रकान्यात एका मुलीनं काय लिहायचं, यावरून आमच्या घरात दिवाळीनंतर जे झालं ते पुढे सांगतेच. आधी हे मोजमाप काय चीज आहे ते नीट बघू या, कारण आपण बायका उठता बसता ते वापरतो आणि ते मोजायचं कसं, हे मात्र आपल्याला माहीत नसतं.

समजा दोघी बहिणी. एक पाच फुटांची, दुसरी साडेपाच फुटांची. दोघींचे केस टेप लावून मोजले तर अगदी सारखे. पण धाकटीच्या कमरेवर येतात आणि मोठीच्या कमरेच्या दोन-तीन इंच वरच थांबतात. बघणारी बाई धाकटीला 'लांबसडक' म्हणणार, मोठीला 'बरे आहेत'. म्हणजे मोठीला उंचीचा दंड. बरं, टेप लावायचा तर कुठून? कपाळावरच्या भांगापासून लावला तर एक आकडा येतो. मानेपासून लावला तर तोच आकडा चांगला फूटभर कमी होतो. केस दान घेणाऱ्या बहुतेक ठिकाणी रबर बँड बांधतात आणि रबरापासून टोकापर्यंत मोजतात; कॅन्सरच्या पेशंटच्या टोपासाठी साधारण १२ इंच तरी मागतात. एकाच मुलीचे केस भांगापासून ३६ इंच, मानेपासून २४ आणि रबरापासून २० असं सहज होऊ शकतं. कुरळ्या केसांचं तर विचारूच नका. ओले असताना कमरेवर, वाळले की खांद्यावर. माझ्या नणंदेनं आयुष्यभर 'तुझे केस वाढतच नाहीत' ऐकलं. वाढत होते, वळून वर जात होते.

आपल्या आज्या हातानं मोजायच्या. बोटभर, वीतभर, हातभर. बोटभर असली तर 'उंदराची शेपटी' म्हणून हसायच्या आणि जाड, लांब असली तर 'शेपटा' म्हणून कौतुक करायच्या. शेपटी आणि शेपटा यांच्यामध्ये किती मुलींचं बालपण अडकलंय! त्यात आज्या नुसती लांबी बघत नसत, वेणी मुठीत धरून बघायच्या. मूठ भरली पाहिजे. आणि भरत नसेल तर त्याचीही सोय होती : गंगावन. किती सुंदर शब्द आहे बघा, आणि वस्तू कोणती तर खोटी वेणी. लग्नात नवरीला गंगावन लावून वर फुलांची जाळी घालायची, हे आजही चालतं. म्हणजे लांब केस हवेत हेही आपणच ठरवलं आणि बहुतेकींचे तेवढे नसतात हेही आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं. नाहीतर दुकानात गंगावन ठेवलं असतं कशाला?

खरं मोजमाप कोण करतं सांगू? केस विकत घेणारा. आपल्याकडे गल्लीत येतो, गुंतवळ द्या आणि भांडं घ्या किंवा पैसे घ्या. तो केसांना सुंदर म्हणत नाही, काळेभोर म्हणत नाही. दोन हातांत ताणून बघतो, वजन करतो, संपलं. तिरुपती देवस्थान भक्तांनी वाहिलेल्या केसांचा लिलाव करतं, तिथंही लांबीप्रमाणे वर्ग पाडलेले असतात. सगळ्यांत लांब वर्गाला सगळ्यांत जास्त भाव, आणि पांढऱ्या केसांचा वर्ग निराळा. तिथं फूटपट्टी आहे म्हणून मला ते एका परीनं बरं वाटतं. डोकं सोडून गेलेल्या केसांना तरी न्यायानं मोजतात.

जगातले आकडे हवे असतील तर तेही आहेत. गुजरातेतल्या मोडासा गावच्या निलांशी पटेलचे केस २०१८ साली गिनीज बुकात १७०.५ सेंटिमीटर नोंदले गेले, किशोरवयीन मुलींमधला विक्रम म्हणून. २०२० साली ते बरोबर २०० सेंटिमीटर झाले. पुढच्या वर्षी तिनं ते कापले. बारा वर्षं कात्री लावली नव्हती. उत्तर प्रदेशातल्या स्मिता श्रीवास्तव यांचा विक्रम २०२३ मध्ये जाहीर झाला : २३६.२२ सेंटिमीटर, म्हणजे सात फूट नऊ इंच. चौदाव्या वर्षानंतर त्यांनी केस कापलेले नाहीत. आणि चीनच्या शिए छ्युपिंग यांचे २००४ साली मोजले तेव्हा साडेपाच मीटरच्या वर होते. आपली सहावारी साडी जेवढी लांब, तेवढे केस!

हे वाचून कुणी लगेच 'त्या काय लावत असतील' म्हणून शोधायला जाऊ नका. हिशोब साधा आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला पंधराच्या आसपास. आणि प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग थांबतो आणि गळतो. त्याच्या जागी नवा येतो. वाढीचा हा काळ कुणाचा दोन वर्षं, कुणाचा पाच, कुणाचा सात. ज्या बाईचा तीन वर्षं, तिचे केस पंचेचाळीस सेंटिमीटरला थांबणार. तिनं शिकेकाई लावो, जास्वंद लावो, माक्याचं तेल लावो, केस मऊ होतील, कमी तुटतील, पण कमरेपर्यंत जाणार नाहीत. ज्या बाईचा सात वर्षं, ती मीटरभर सहज गाठते. हे आईबापाकडून येतं, जसं नाक येतं. शिए बाई आणि स्मिता बाई यांचे केस थांबायचंच विसरलेले दिसतात, ते लाखांत एखादीचं असतं. म्हणून 'मुलीनं निगा राखली नाही' हे वाक्य मी जेव्हा ऐकते, तेव्हा मला बोलणाऱ्या बाईला विचारावंसं वाटतं की तुमच्या मुलाची उंची साडेपाच फुटांवर का थांबली, निगा राखली नाही का?

जाता जाता तेलाबद्दल. सध्या कांद्याच्या तेलाचं फार निघालं आहे. मला दोघी-तिघींनी विचारलं की खात नाही, पण डोक्याला लावलं तर चालेल का. मी लावत नाही. ज्याची वाटणं करून घरात वास नको म्हणतो, ते केसांत चोळून मंदिरात कसं जायचं? आणि पार्लरमध्ये केराटिन करून घेणाऱ्यांनी एवढं विचारावं की हे केराटिन कशापासूनचं आहे. पुष्कळदा ते लोकर, पिसं, शिंगं यांतून काढलेलं असतं. बाटली वाचल्याशिवाय डोक्याला लावू नका, एवढंच.

आता आपल्या धर्माकडे येते, कारण लांबी आणि केस यांचं नातं आपल्या शास्त्रात जेवढं आहे तेवढं मला दुसरीकडे कुठं सापडलं नाही. यतिवृषभ आचार्यांच्या तिलोयपण्णत्तीत मोजमापांची जी उतरंड आहे, तिच्यात खालच्या पायऱ्यांवर केसाचं टोक आहे, बालाग्र. आपल्या कर्मभूमीतल्या माणसाची आठ बालाग्रं म्हणजे एक लीख, आठ लिखा म्हणजे एक यूका, म्हणजे ऊ. आठ यूकांचा एक यव आणि आठ यवांचं एक अंगुल. पुढे अंगुलांची वीत, विती दोन झाल्या की हात, आणि हातांवरून धनुष्य. महावीर स्वामींची उंची सात हात, आदिनाथ भगवंतांची पाचशे धनुष्य, हे आपण पाठशाळेत घोकलेलं. त्या सगळ्याच्या तळाशी एक केस आहे. आपण केस मोजायला हात वापरतो आणि शास्त्रानं हात मोजायला केस वापरला! मला ही गोष्ट कळली तेव्हा मी स्वयंपाक करता करता एकटीच हसले होते. आणि मध्ये लीख नि ऊ का, हे ज्या बाईनं शाळेतल्या पोरीचं डोकं फणीनं विंचरलंय तिला वेगळं सांगायला नको.

उवांवरूनच केशलोचाकडे येता येतं. मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच आहे. दोन महिन्यांनी केला तर उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम, चारला जघन्य. आर्यिका माताजीही करतात. त्यामागची कारणं आपल्याला लहानपणापासून सांगितली आहेत : केस वाढले की त्यात जीव होतात, खाजवलं की ते मरतात, वस्तरा ठेवला तर परिग्रह, न्हाव्याकडे जायचं तर याचना आणि पैसा. श्वेतांबर परंपरेत तर याला मापही दिलं आहे. आमच्या शेजारच्या स्थानकवासी काकूंनी सांगितलं आणि मग मी वाचलं. कल्पसूत्रात साधुसाध्वींसाठी म्हटलंय की पर्युषणानंतर डोक्यावरचे केस गाईच्या अंगावरच्या केसांएवढे आखूड असावेत. म्हणजे गाईच्या केसाहून वाढले की लांब झाले! आमच्या जाऊबाईंची लांबीची व्याख्या 'बसताना खाली दबले पाहिजेत' आणि साध्वींची व्याख्या गाईच्या पाठीवरचा केस. दोन्ही एकाच समाजात, कधी कधी एकाच सभामंडपात.

आणि असंही नाही की आपल्याकडे लांब केसांचं कौतुकच नाही. आदिनाथ भगवंतांची मूर्ती ओळखायची खूण काय? खांद्यांवर रुळणारे केस. बाकी तीर्थंकरांनी पाच मुठींनी लोच केला, आदिनाथांनी चार मुठींनी, आणि पाचवी मूठ इंद्रानं विनंती करून राहू दिली कारण ते केस खांद्यावर शोभत होते, अशी कथा श्वेतांबरांत सांगतात. तेव्हा केस सुंदर दिसतात यात पाप नाही, इंद्रालाही ते दिसले. मला स्वतःला लांब केस आवडतात. माझ्या मुलीची वेणी घालताना मला जे समाधान मिळतं ते पार्लरमध्ये कापून आलेल्या केसांवरून हात फिरवून मिळणार नाही. माझं म्हणणं केसांच्या विरुद्ध नाहीच. मोजणारा हात कुणाचा आहे, हा माझा प्रश्न आहे. लोच मुनी स्वतःच्या हातानं करतात, त्या दिवशी उपवास करतात, आणि आपण खाली बसून डोळ्यांत पाणी आणून बघतो. आपल्याच महाराष्ट्रात दुसऱ्याच्या हातानं विधवेचं डोकं भादरण्याची चालही होती. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून हे काम आपण करणार नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांना ते कळलं होतं. दोन्हीकडे डोक्यावर केस राहत नाहीत. पण या दोन गोष्टींना कुणी एक म्हणेल का?

आता घरातली गोष्ट. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी सव्वीस वर्षांची आहे, यवतमाळला नोकरी करते. गेल्या दशलक्षण पर्वात तिनं दहा उपवास केले. फक्त गरम पाणी. नोकरी सांभाळून. अनंत चतुर्दशीनंतर गावात तिची मिरवणूक निघाली, पारण्याला नातेवाईक आले, साडी-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आम्ही सगळ्यांनी तिच्या पाया पडून घेतलं. माझे सासरे ऐंशीच्या पुढचे, त्यांनीसुद्धा हात जोडले. तिचे केस तेव्हा कमरेवर होते, मिरवणुकीच्या फोटोत दिसतात.

दिवाळीच्या सुमारास तिचे केस जाऊ लागले. उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीवर. रोज मूठभर. आपले रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, ते काही गळणं नाही. हे निराळं होतं. धाकटी जाऊ रडायला लागली. यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, दोन-तीन महिन्यांपूर्वी काही आजार, ऑपरेशन, बाळंतपण, मोठा उपवास? शरीराला असा मोठा ताण पडला की बरेच केस एकदम वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. टायफॉइडनंतर होतं ते हेच, बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होतं तेही हेच. मुळं शाबूत असतात, केस परत येतात, पण सहा-आठ महिने धीर धरायला लागतो. रक्तात लोह आणि थायरॉइड तपासून घ्या, पारणं झाल्यावर डाळी, दूध, पालेभाजी नीट खा, एवढं त्यांनी सांगितलं. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी अठाई, दहा उपवास किंवा मासखमण करणार असाल तर हे लक्षात ठेवा. तप करू नका असं मी म्हणत नाही. पण नंतर केस गळाले तर घाबरून शंभर तेलं आणू नका आणि पुढच्या वर्षी घरातल्या कुणी 'बघ, उपासानं केस गेले' म्हणाल्या तर उत्तर तयार असू द्या.

केस गळत होते त्याच दिवसांत, तुळशीचं लग्न झाल्यावर, स्थळं यायला सुरुवात झाली. एका घरून फोन आला. शिक्षण पसंत, पत्रिका जुळते. मग मुलाच्या मावशी म्हणाल्या, "एक फोटो वेणी पुढे घेतलेला पाठवा. आमच्याकडे सगळ्यांचे केस लांब आहेत." फोन स्पीकरवर होता, मी समोर बसले होते. जावेनं मिरवणुकीतला फोटो पाठवला. ती माणसं बघायला आली तेव्हा मात्र वेणी अर्ध्यावर आलेली. पाणी देऊन ती वळली, तेव्हा त्या मावशींनी तिची वेणी हातात घेतली. घेतली म्हणजे खरोखर घेतली, मुठीत धरून टोकापर्यंत हात नेला, आणि म्हणाल्या, "फोटोत जास्त वाटत होते." त्यांच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या बाई या समाजातल्याच, पर्युषणात तिच्या मिरवणुकीत मंगलकलश घेऊन पुढे चाललेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. चहा घेतला.

दहा उपवासांसाठी जिचे पाय धरले, तिची त्याच उपवासांनी उतरलेली वेणी तीन महिन्यांत मोजली, ही गोष्ट मला पचत नाही. मला वाटतं तुम्हालाही पचू नये.

'केस म्हणजे तब्येतीची खूण आहे, म्हणून बघतात' असं मला आमच्याच घरात सांगण्यात आलं. याचं उत्तर देते, कारण त्यात अर्धं खरं आहे. तब्येत बिघडली की केसांवर दिसतं. पण वेणीचं टोक कधी उगवलं होतं? वर्षाला पंधरा सेंटिमीटर धरले तर साठ सेंटिमीटरवरचं टोक चार वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलं. म्हणजे टोक हातात धरून तुम्ही त्या मुलीची चार वर्षांपूर्वीची, कॉलेजातली तब्येत तपासता आहात. आजची तब्येत बघायची असेल तर हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मागा, सिकलसेलची तपासणी मागा, आमच्या विदर्भात तर ती करायलाच हवी. आणि दोन्हीकडचे मागा, मुलाचाही. तो मागायला मात्र लाज वाटते.

तब्येतीचा मुद्दा काढलाच आहे तर शेगावकडचं आठवा. २०२४ च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. बायका, पुरुष, मुलं, अडीचशेच्या वर माणसं. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर; पुढे रक्तात सेलेनियम फार असल्याचं निघालं आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पुढे पुष्कळांचे केस परत आले. पण मधल्या काळात मुली कॉलेजला जायच्या बंद झाल्या, लग्नं अडली. त्या मुलींनी निगा राखली नव्हती का? त्यांनी पोळी खाल्ली होती.

माझ्या जावेनं तोवर दारव्ह्याहून गंगावन आणून ठेवलं होतं, पुढच्या स्थळासाठी. तिला दोष देत नाही, आईचं मन आहे. मुलीनं ते हातात घेऊन बघितलं, पुन्हा पिशवीत ठेवलं आणि मला म्हणाली, "मोठी आई, लग्न झाल्यावर मी हे रोज रात्री कुठं टांगू?" आम्ही तिघी हसलो, मग जाऊ रडली. पिशवी अजून कपाटावर आहे.

सत्य अणुव्रताची आठवण मला तेव्हा झाली. व्यापारात खोटं माप वापरणं हा अचौर्य व्रताचा अतिचार आहे, हीनाधिक मानोन्मान, तत्त्वार्थसूत्र वाचणाऱ्यांना माहीत आहे. गंगावन लावून मुलगी दाखवली तर आपण खोटं माप दिलं. पण जे माप मुळात मागायलाच नको होतं, ते मागणाऱ्याचं काय? मागणारी जवळजवळ नेहमी बाईच असते. मी गेल्या वीस वर्षांत एकाही मुलाच्या वडिलांना वेणी बघू द्या म्हणताना ऐकलं नाही. मुलगे तर विचारतही नाहीत, त्यांना बरेचदा कापलेले केसच आवडतात. मावशी, आत्या, काकू विचारतात. आपण विचारतो. म्हणून हे पुरुषांकडे बोट दाखवून सुटणारं काम नाही आणि कुणाच्या परवानगीनं थांबणारंही नाही. आपण थांबलो की थांबलं.

मी काय करणार ते सांगते. आमच्या घरात मुलगा बघायला जाईल तेव्हा, माझ्या मुलासाठी असो की भाच्यासाठी, मुलीच्या केसांबद्दल एक शब्द निघणार नाही, कौतुकाचाही नाही. कौतुकसुद्धा मोजूनच येतं. वेणीला हात लावायचा हक्क ज्या बाईनं ती घातली तिचा. दुसरं, पुस्तिकेच्या मंडळाला मी पत्र लिहिलं आहे : 'केस' हा रकाना काढा, आणि 'वर्ण' हाही काढा म्हटलं असतं, पण एका वेळी एकच गोष्ट मागितली तर मिळते असा माझा अनुभव आहे. त्या जागी रक्तगट घाला, दोघांच्याही फॉर्मवर. जागा तेवढीच लागते, छपाईचा खर्च वाढत नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण खर्चाचं कारण आधी पुढे येतं.

पत्रावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत. पहिली आमच्या मोठ्या जाऊबाईंची, बसताना वेणी दबली पाहिजे म्हणणाऱ्या. सही करताना म्हणाल्या, "माझं मत बदललेलं नाही हो. पण फॉर्मवर कशाला?" मला तेवढं पुरे आहे. पुतणीनं तिचा फॉर्म भरून दिला, त्या रकान्यात 'आहेत' असं लिहून. भांगाजवळ आता बोटभर नवे केस उभे राहिलेत, तेल लावलं तरी बसत नाहीत.

पत्र रविवारी कारंज्याला जाणाऱ्या काकूंबरोबर पाठवायचं आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी शनिवारी दुपारी प्रतिक्रमणाच्या आधी घरी यावं. चौविहार पाळणाऱ्यांनी लवकर या, म्हणजे चहा घेता येईल.